तुळापूरच्या खालचं पाणी

आज मोरी घासताना ॲसिडचा वास नाकात गेला आणि भोसरीतला तो गुरुवार आठवला. गुरुवारी सगळ्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून आमच्या धातूला मुलामा द्यायच्या प्लेटिंग शेडमधल्या ॲसिडच्या टाक्या त्याच दिवशी साफ व्हायच्या. "सोड भावा नाल्यात, आज कोण बघतंय?" असं मिस्त्री म्हणाले आणि मी व्हॉल्व्ह फिरवला. पिवळंजर्द पाणी फेसाळत निघालं. भोसरीचं सगळं पाणी पवनेलाच जातं, असं मी धरून चाललो होतो. तसं बोललोही. मिस्त्री इथल्याच जुन्या गावातले. ते हसले, "पवना त्या अंगाला. हिकडचा उतार इंद्रायणीला हाय." इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि तिथून थोडं खाली, भीमेच्या काठावरच माझ्या ताईचं सासर. मी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, पण टाकी रिकामी झाली होती. पाचव्यांदा लावल्यावर ताईनं फोन उचलला. "दोन-तीन दिवस म्हशी नदीवर नेऊ नकोस," मी म्हणालो, "वरून घाण पाणी सोडलंय म्हणतात." ती भडकली, "कुणा मेल्यानं सोडलं रे?" "काय माहीत," मी म्हणालो. ताई अजूनही येताना मळ्यातली मेथी आणते. मी ती गुपचूप तीन पाण्यांनी धुतो, आणि त्याच उतारावरच्या माझ्या खोलीच्या मोरीतून गेलेलं ते पाणी तिच्याच काठाला पोचतं, हे आता मला कुणी सांगायची गरज नाही.