फोमची छाती

नवापूरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. मी सलाउद्दीन, वय सत्तेचाळीस. भांडण दिसलं की आधी शटर ओढतो, मग कुणाचं ते विचारतो.

गेल्या डिसेंबरात बँकेतले कारकून योगेंद्रभाऊ आले. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये पालकांचं नाटक होतं आणि हे होणार होते हवेत उडणारे सुपरहिरो. पोट आत घेऊन माप दिलं, मग हळूच म्हणाले, "छातीमा जरा फोम टाकजो भाऊ." मी मनात हसलो. साहेबासमोर मान वर न करणारा माणूस आणि छाती फोमची!

आम्ही दोघं एकाच अंगकाठीचे, म्हणून लांबी बघायला ड्रेस मीच घातला. खोटं कशाला बोलू, लांबी मिनिटभरात कळली. नंतरचा अर्धा तास मी एका हातात कात्री, दुसरा हात कमरेवर, असा आरशासमोर उभा होतो.

तेवढ्यात बाहेर धडाम् झालं. कोंबड्यांचा टेम्पो आडवा पडला होता. कोंबड्या रस्ताभर आणि लोक कोंबड्यांमागे. ड्रायव्हर आत सीटच्या पट्ट्यात लटकून ओरडत होता. मी सवयीप्रमाणे शटर ओढायला धावलो, पण दारात दिसताच अख्खा बाजार माझ्याकडे बघायला लागला. साध्या शर्टात असतो तर ओढलंच असतं. पाठीवर लाल केप घेऊन शटर कसं ओढणार?

गेलो. फोममुळे छातीची धडधड तरी कुणाला दिसली नाही. दार हलेना. फुटक्या काचेतून हात घालून कात्रीने पट्टा कापला, मग चौघांनी ड्रायव्हरला बाहेर ओढलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कोन शे तू?"

"दर्जी. शर्ट-पॅन्ट शिवस."

घरी माझ्या बायकोने, शहाबानोने, बाजारात कुणीतरी काढलेला व्हिडिओ आधीच पाहिला होता. "आपमें इतनी हिम्मत कहाँ से आई?"

"हिम्मत नहीं आई, भागने का रास्ता बंद हो गया," मी म्हणालो. तिला ते लगेच पटलं. जरा उशिरा पटलं असतं तर बरं वाटलं असतं.

महिन्याने तो ड्रायव्हर, लोटन, मला विसरवाडीला त्याच्या घरी जेवायला घेऊन गेला. त्याची आई दगूबाई ओट्यावर वाटच बघत होती. तिने मला खालून वर न्याहाळलं आणि लेकाला विचारलं, "अन् तो व्हिडिओमधला कोठे शे?"

लोटन काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "त्याले आज सुट्टी शे, माय."

म्हातारीचा चेहरा पडला. पण भाकरी तिने मलाच वाढली.