इशिदा-सानांचा राहिलेला चेंडू

इस्पितळातल्या शेवटच्या भेटीत मी इशिदा-सानांना दटावूनच विचारलं, "आता तरी सांगा, त्याने कोणता चेंडू टाकला?" नाकातली नळी सावरत ते हसले. "आश्ता." म्हणजे उद्या. शब्दाचा पक्का माणूस, म्हणून मी निर्धास्त घरी आले... सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला.

आमची ओळख भूकंपाने करून दिली. आम्ही जपानमध्ये राहतो त्या उरायासूत जमिनीचा चिखल झाला, नळ कोरडे पडले आणि शाळेच्या मैदानात पाण्यासाठी रांगा लागल्या. नवरा कावासाकीला ऑफिसात अडकलेला, माझ्या कडेवर लेक, आणि पुण्याहून आईचा रोज एकच धोशा, "सगळं टाकून निघून ये." बॅग भरून तयार होती. रांगेत माझ्यापुढे सत्तरी गाठलेले हे गृहस्थ, हातात निळ्या झाकणाचा डबा. माझा रडवेला चेहरा बघून त्यांनी डबा खाली ठेवला, डावा पाय पार छातीपर्यंत उचलला आणि हातात नसलेला चेंडू फेकला! त्यांच्या तरुणपणी गाजलेला एक पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, अस्साच टाकायचा म्हणे. झालं, मागचे म्हातारेही सरसावले. कुणी म्हणे, तो विश्रांती न घेता रोज खेळायचा. कुणी म्हणे, बोट फाटलं तरी रक्त विजारीला पुसत चेंडू टाकत राहिला. माझं जपानी तेव्हा यथातथाच, पण हातवाऱ्यांना भाषा कशाला लागते? गोष्ट ऐन रंगात आली की इशिदा-सान थांबायचे. "उरलेली आश्ता." दुसऱ्या दिवशी मी पाण्यापेक्षा गोष्टीसाठीच जायचे. बॅग कधी रिकामी झाली, कळलंही नाही.

नळांना पाणी आलं, लेक शाळेत जाऊ लागली, तरी त्यांची ती खोड गेली नाही. एक गोष्ट तर वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवली. त्या पिचरचा अखेरचा सामना, खांदा सुजलेला, एकच फलंदाज बाद व्हायचा राहिलेला. समोरून कॅचर, म्हणजे त्यांचा यष्टिरक्षक, बोटांनी खुणावतो, हळू टाक. हा मान हलवतो, नाही... इथे इशिदा-सान चहाचा कप उचलायचे. दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही, असा वर दम.

गेल्या महिन्यात रांगेतले ते सगळे म्हातारे स्टेशनजवळच्या खानावळीत जमले, मलाही बोलावलं. इशिदा-सानांच्या जागी बिअरचा भरलेला ग्लास ठेवला होता. पिचरच्या गोष्टी निघाल्या, त्याच, पण प्रत्येकाच्या तोंडी थोड्या वेगळ्या. मी हसत होते आणि डोळे वाहत होते. शेवटी त्यांच्यातले कोंदो-सान माझ्याकडे वळले. "तो शेवटचा चेंडू मी पाहिलाय. सांगू तुम्हाला?" इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते समोर आलं, आणि मला एकदम भीती वाटली. ही गोष्ट संपली की इशिदा-सान खरंच गेले...

"आश्ता," मी कसंबसं म्हटलं.

कोंदो-सान "हो, आश्ता," म्हणत चष्मा पुसू लागले.

निळ्या झाकणाचा तो डबा इशिदा-सानांच्या मुलीने मला दिला. बाल्कनीत असतो, मी तो रोज भरून ठेवते. नळाला धो धो पाणी असताना हे कशाला, असं लेक विचारते, जपानीत. मी मराठीत सांगते, "असू दे. उद्याला लागेल."