मांड्याचा हात

दरवर्षी मी वर्गात बाही वर करून स्नायू शिकवते. स्नायू म्हणजे बारीक धाग्यांच्या जुड्या. धागे एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो आणि हाड ओढतो. त्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून हात वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू तर कोपराखाली असतात. आणि वापर थांबला की हे धागे बारीक होतात. या शेवटच्या वाक्याखाली मी फळ्यावर रेघ मारते.

हिवाळ्यात आईचा उजवा हात मनगटात मोडला, तेव्हा मी तिला धुळ्याकडच्या गावाहून जळगावला, मेहरूणच्या माझ्या घरी आणलं. प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, आता हात चालवू द्या, हळूहळू कामं करू द्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. भाजी मी चिरायची, वेणी मी घालायची, घास भरवायचा तेवढा बाकी ठेवला. जन्मभर राबलेल्या बाईला आता आराम द्यायचा, हे भूत माझ्या डोक्यात शिरलं होतं. शेजारणी कौतुक करायच्या आणि मला ते आवडायचं, हेही खरं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी गेलो. त्या दिवशी आमच्याकडे खापरावरचे मांडे, आणि आईचा मांड्याचा हात गल्लीत नावाजलेला. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत ती पार कोपरापर्यंत पसरवायची, तरी कुठे भोक पडायचं नाही. यंदाही ती चुलीशी बसली. मांडा जेमतेम पसरला, तोच तिचा उजवा हात थरथरला आणि सगळं फाटून पुरण मांडीवर पडलं. मांडे करायला जमलेल्या गल्लीतल्या बायका पुरण गोळा करायला पुढे झाल्या. तिनं हात वर केला तेव्हा बांगडी मनगटावरून घसरून थेट कोपराजवळ गेली, हे मी आत्ता पाहत होते.

"आते वय व्हयनं ना," आई हसून म्हणाली.

वय नव्हतं, मी होते. शरमेनं मला तिच्याकडे बघवेना. तसं सांगायला मी तोंड उघडलं, पण ती आधीच बायकांना सांगू लागली होती, "मन्ही पोरनी माले काडीबी उचलू दिधी नही."

हे सांगताना तिनं अभिमानानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. निदान तिला तरी ते घट्ट वाटत होतं.