वाळूवरचे वकीलसाहेब

ज्याच्या घरचे अन्न खाल्ले त्याच्याविषयी वाईट लिहू नये, असे माझे वडील सांगत. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा अधिकार तुला कुणी दिला, असे कुणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. वाचकांनी क्षमा करावी. पण वकीलसाहेबांना मी जवळून पाहिले आहे, आणि तसे एखादे गृहस्थ तुमच्याही पाहण्यात असतील, म्हणून लिहितो.

सोलापुरात शुक्रवार पेठेत त्यांचे घर. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून आलो की मी त्यांच्याकडे दाव्यांच्या नकला लिहीत असे. बोलताना ते दोन बोटे जुळवून ओठांशी नेत, जणू न दिसणारी एखादी फोड तोंडात टाकत आहेत, आणि म्हणत, “निसर्ग नुसता पाहायचा नसतो, चाखायचा असतो! काय बी.ए., खरं की नाही?”

मी तेव्हा इंटरला होतो, बी.ए.ला अजून दोन वर्षे होती. तसे सांगून पाहिले. मग सोडून दिले.

निसर्ग चाखण्याची त्यांची जागा म्हणजे भीमेचे पात्र. उन्हाळ्यात रविवारी पाहुण्यांनी भरलेल्या मोटारी तिकडे निघत. साहेब धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरत आणि त्याला पोहणे म्हणत. बंदूकही होती. पाणकोंबड्यांची तिच्याशी ओळख झाली असावी. बार उडाला तरी त्या जागच्या हलत नसत.

मग मटणाचा रस्सा, कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि सदर बाजारातून आणलेली पोर्ट वाईन. शहरात ते दारूबंदीच्या सभांचे अध्यक्ष असत. इथे म्हणत, “हा द्राक्षांचा रस आहे. वाटेत आंबला, त्याला मी काय करू?” पाहुणे हसत. हसणे हेच त्यांच्या जेवणाचे मोल होते. माझे मोल वेगळे. रस्सा संपला की मी उभे राहून इंग्रजी कविता म्हणायची. “मेंढरं राखणाऱ्याचं पोर आहे, पण उच्चार ऐका,” असे ते पाहुण्यांतल्या मामलेदारांना सांगत.

जेवणासाठी साहेबांचा तंबू वाळूतच ठोकलेला असे. त्याला लागूनच सोनाई कोळणीचे कलिंगडांचे वेल होते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की कोळी वाळूत खड्डे घेतात, खत भरतात, बी लावतात. गेल्या साली ज्या घराने जिथे खड्डे घेतले, ती वाळू यंदाही त्याच घराची. कागद नाही, भांडण नाही. सोनाई विधवा होती आणि तिचे वर्षाचे पोट त्या वेलांवर होते.

साहेब चाकू घेऊन त्या वेलांतून हिंडत. फळाला चौकोनी भोक पाडायचे, तुकडा चाखायचा, तोंड वाकडे करायचे आणि दुसऱ्या फळाकडे वळायचे. मागचे फळ उन्हात आंबून जाई. एका रविवारी सोनाईने त्यांना अडवले.

“आवं सायेब, एक कापा आन् त्येच खावा की! समद्यास्नी भोकं कशाला पाडताय?”

“अगं, चाखल्याशिवाय कळतं का?”

“मंग घरच्या रांजणालाबी भोक पाडूनच पानी चाखता व्हय?”

पाहुणे मोठ्याने हसले. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

त्या दिवशी जेवणे चालू असताना ती पुन्हा आली. “सायेब, लोक म्हंत्यात, ही जागा तुमी घेनार. फुडल्या साली मी हितंच वेल लावू न्हवं?”

“लाव की! तुझीच वाळू आहे, बाई.”

ती समाधानाने गेली. साहेबांनी मामलेदारांचा पेला भरला. “रावसाहेब, ही वाळू सरकारी. आमच्या तंबूला लावून द्या की. नाहीतरी वायाच जाते.”

“अर्ज टाका,” मामलेदार पेल्यातून नजर न काढता म्हणाले.

मी कसाबसा बोललो, “साहेब, आत्ताच तुम्ही तिला...”

“बी.ए., कविता म्हणा.”

मला त्या दिवशी कविता आठवली नाही. दुसऱ्या दिवसापासून नकलांचे कामही उरले नाही.

पावसाळा सरल्यावर त्या वाळूला तारेचे कुंपण पडल्याचे मी पुण्यात ऐकले. सोनाई आता दुसऱ्यांच्या वेलांत मजुरीला जाते, असेही कळले.

परवा साहेबांचे जुने कारकून पुण्यास आले होते, ते माझ्या खोलीवर येऊन बसले. साहेब गेले, म्हणाले. जेवता जेवता छातीत कळ आली. मोठी शोकसभा झाली. प्रत्येक वक्त्याने त्यांना निसर्गप्रेमी म्हटले. आपल्याला वाईट वाटते का, हे मी मनाशी तपासून पाहिले. वाटत नव्हते. असे लिहिताना संकोच होतो, पण खोटे लिहवत नाही.

“आणि ती कोळीणही आली होती,” कारकून म्हणाले. “तिसऱ्याच दिवशी! दारात उभी राहून साहेबांच्या चिरंजीवांना विचारते, ‘सायेब गेलं म्हनं. मंग वाळू मोकळी झाली न्हवं?’”

चिरंजीव संतापले. तिथे वडिलांच्या नावाने दगडी घाट बांधायचा आहे, असे त्यांनी तिला सुनावले.

“मग?” मी विचारले.

“मग काय! रडली नाही, ओरडली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, ‘बांधा की. पावसाळ्यात भीमा हाय बगायला.’”