आबा डाव्या सीटवर

माझे सासरे आयुष्यभर लाल बस चालवत आले. धुळे-चोपडा, धुळे-यावल, मध्येच कधी शिरपूर. आमच्या घराण्यात स्टेअरिंग धरणारे ते पहिले, आणि कितीतरी वर्षं एकटेच. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीत बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच वाटायची. लग्नकार्याला घरच्या सगळ्यांसाठी जीप ठरवलेली असली, तरी आबा म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी बसने येतो." बसमध्येही ते ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून त्याच्या हातांकडे बघत राहायचे.

अशा माणसाला शेजारी बसवून मी गेल्या डिसेंबरात सातपुडा फिरवून आणला.

गाडी शिकले तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. नवऱ्याला गाडीची आवड नाही. त्यांना मागे बसून पुस्तक वाचायला आवडतं, आणि हे ते मुळीच लपवत नाहीत. धुळ्यात देवपूरच्या आमच्या गल्लीतून मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा आबा गॅलरीत उभे होते. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी खाली उतरले तर समोरची काच ओल्या फडक्याने पुसलेली. त्यानंतर ती रोजच पुसलेली असायची. पण गाडीत बसा म्हटलं की आबांचे गुडघे दुखायचे.

सहलीची मागणी सासूबाईंची. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. नाताळच्या सुट्टीत एका सकाळी भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "यांनी सगळा खान्देश पालथा घातला. घरी येऊन सांगायचे, आज उनपदेवच्या गरम झऱ्यावर शाळेची सहल नेली, आज सातपुड्यात वर पालला वऱ्हाड नेलं. मी नुसतं ऐकलं. ते पाणी खरंच गरम असतं का गं?"

मी म्हटलं, "चला, हात लावून बघू."

आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. पण निघायच्या दिवशी सगळ्यात आधी तयार होऊन गाडीपाशी तेच उभे होते, डोक्यावर मफलर, हातात पाण्याची बाटली. कुणी काही म्हणायच्या आत ते डाव्या सीटवर बसले. अक्का, नवरा आणि कॉलेजात शिकणारी आमची मुलगी मागे.

अमळनेर येईपर्यंत आबा बोलले नाहीत. त्यांचा उजवा पाय बोलत होता. समोर मोटारसायकल आली की पाय खाली दाबला जायचा. बैलगाडी दिसली की पुन्हा. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हे पायाला पटतच नव्हतं. मागून मुलगी हळूच हसली. मला हसू येत नव्हतं. आयुष्यात दिलेल्या सगळ्या परीक्षांपेक्षा तो पाय मला जड जात होता.

तापीचा पूल ओलांडला, कपाशीची शेतं मागे पडली आणि चोपड्यानंतर उजव्या-डाव्या हाताला केळीच्या बागा सुरू झाल्या. उनपदेवला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी झाडी, माकडं, आणि दगडी गोमुखातून पडणारी वाफाळती धार. अक्कांनी चपला काढल्या, लुगडं जरा वर धरलं आणि पाय पाण्यात सोडले. "अगं बाई!" म्हणून एकदम वर ओढले, मग पुन्हा सोडले. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या.

आबा काठावर उभे होते. अक्का त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "खोटं नव्हता सांगत तुम्ही."

"खोटं कशाला सांगू?" आबा म्हणाले. मग तेही चपला काढून त्यांच्या शेजारी बसले. दोघांचे पाय पाण्यात एका रांगेत. मुलीने फोटो काढला तर अक्का म्हणाल्या, "पायांचा काय फोटो काढते?" आमच्या घरातला माझा सगळ्यात आवडता फोटो आज तोच आहे.

दुपारी यावलच्या रस्त्याला एका मळ्यापाशी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. मालकाने वांगी समोरच काट्यांच्या जाळावर भाजली. पुढे रस्त्याकडेच्या गाड्यावर कढईतून थेट कागदात पडणारे केळीचे वेफर्स घेतले. हाताला चटके बसत होते तरी संपेपर्यंत कुणी थांबलं नाही. आता आबा थोडे मोकळे झाले होते. कुठल्या फाट्यावर पूर्वी चहाची टपरी होती, कुठल्या वळणावर पावसाळ्यात पाणी चढायचं, ते सांगत होते. पाय मात्र अधूनमधून खाली जातच होता.

मग पालचा घाट आला.

रस्त्याचं काम चालू होतं. अर्धा रस्ता उखडून ठेवलेला, उरलेल्या अर्ध्यातून जेमतेम एक गाडी जाईल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. वळण घेतलं आणि समोर लाल बस. गच्च भरलेली, वरून उतरत होती. तिच्या मागे एक जीप आणि जीपच्या मागे लाकडं भरलेला ट्रॅक्टर. बस मागे जाणं शक्यच नव्हतं. कुणी मागे घ्यायची ते विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. तरुण होता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. "बाबा, तुम्ही बसा ना स्टेअरिंगवर! उतार आहे, वळण आहे. बाईंना नाही जमणार."

बसमधले लोक उभे राहून बघू लागले. मागे अक्का काहीतरी पुटपुटल्या. नवऱ्याने पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी आबा "सरक" म्हणाले असते, तर मी आनंदाने सरकले असते.

आबांनी काच पूर्ण खाली केली. "गाडी सुनेची आहे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बसमध्ये मागे बसलेल्यालाही ऐकू गेलं असेल. "तीच घेईल मागे. तुम्ही तुमचा ब्रेक धरून ठेवा, भाऊ."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही उतरून जरा हात दाखवता का?"

"नाही उतरत. मी उतरलो तर तू माझ्याकडे बघशील. आरशात बघ."

मी आरशात बघितलं. उजव्या आरशात दरीच्या कडेचे पांढरे दगड, डाव्या आरशात डोंगर. मी दगडांना धरून गाडी मागे सोडू लागले. अगदी सावकाश. वळणाच्या पोटात चाक खडीवर घसरलं, मुलीने श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मी थांबले, थोडी पुढे घेतली, स्टेअरिंग सरळ केलं आणि पुन्हा मागे सोडली. वळण संपलं. खाली रुंद जागा होती तिथे मी गाडी डोंगराला चिकटवली आणि हँडब्रेक ओढला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. आबांचे दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतलेले होते, घोट्यांची अढी घातलेली. हात मांडीवर. ते समोर डोंगराकडे बघत होते, चावडीवर बसलेला माणूस बघेल तसे.

बस शेजारून गेली. तरुण ड्रायव्हरने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, आणि खिडकीतल्या एका म्हातारीने चक्क टाळी वाजवली. मागची जीप आणि ट्रॅक्टरही गेल्यावर मी गाडी पुन्हा घाटाला लावली.

बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून राहतेस. जळेल तो."

"बरं," मी म्हटलं. मला एवढा आनंद झाला होता की त्यांनी आणखी चार चुका काढल्या असत्या तरी चाललं असतं.

रात्री पालला मुक्काम केला, थंडी चांगलीच होती. संध्याकाळी कुंपणापलीकडची हरणं बघितली, सकाळी धरणाच्या काठी फिरलो. अक्कांनी निरीक्षणाचा मनोरा शेवटपर्यंत चढून वरून आम्हाला हात केला, आबा खालूनच म्हणाले, "उतरताना कठडा धर!" डोंगरामागे डोंगर दिसत होते, आणि त्यांच्यामागचा प्रदेश मध्य प्रदेशातला, असं आबांनी नातीला बोट करून दाखवलं.

परतताना रावेर, भुसावळ करत हायवेला लागलो. जळगाव मागे टाकून एका ढाब्यावर शेवभाजी मागवली, तेवढ्यात आबांना त्यांच्या गावाकडच्या मोठ्या भावाचा फोन आला. गावाशी बोलताना आबा नेहमी अहिराणीत बोलतात, आणि ढाब्यावर असले तरी शेतात उभं असल्यासारखं मोठ्याने.

"हाव, घर जाई ऱ्हायनूत," ते म्हणाले. "नही रे भाऊ, ड्रायव्हर कशाले? गाडी मनी सून चालाडी ऱ्हायनी. पालना बठ्ठा घाट तिनीच चढावा. वळणवर गाडी मांगे लिधी, मी नुसता बाजूले बठेल व्हतू." आणि शेवटी, "मनासारखी चालाडस." म्हणजे माझ्यासारखी चालवते; अहिराणीत 'मना' म्हणजे माझा.

माझं माहेर जळगावकडचं, तिथली बोली वेगळी, पण एवढ्या वर्षांत अहिराणी मला पूर्ण कळू लागली आहे, हे आबांना चांगलं ठाऊक आहे. मी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले.

फोन ठेवल्यावर अक्का म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा बरी चालवते. मध्ये थांबायचं का, ते विचारते तरी."

आबा हसले. "माझ्या गाडीला स्टॉप ठरलेले होते," म्हणाले, आणि आपल्या ताटातला कांदा उचलून अक्कांच्या ताटात ठेवला.

धुळ्यात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. पांझरेच्या पुलावर मी गाडी मुद्दाम हळू घेतली. ओळखीचं कुणीतरी दिसावं, आबांना हाक मारावी आणि गाडी कोण चालवतंय ते बघावं, असं फार वाटत होतं. कुणी दिसलं नाही. तरी मी काच खालीच ठेवली.