अर्धी दाढी

खिडकीच्या गजाला मी पट्टा अडकवला आणि नाना ओरडले, "ए न्हाव्या, घरमा पूजा शे. चामडं काढ तठेन."

नाना म्हणजे शिरपूरजवळच्या आमच्या गावातले बडे कापूस व्यापारी. ब्लेडचा वस्तरा त्यांना चालत नसे. जुनाच लागायचा, आणि तोही त्यांच्या ओट्यावर जाऊन. असा वस्तरा मध्येमध्ये चामड्यावर फिरवावाच लागतो. पट्टा डाव्या हातानं ताणून धरायचा. वस्तरा आडवा टेकवून ओढायचा, पाठ पुढे, धार मागे. टोकाला गेला की पाठीवरच उलटवायचा. पट्टा ढिला पडला की धार मेली.

मी विचारलं, "मग धार कशावर लावू, नाना?"

नानांनी बुटाचा पाय लांब केला.

"हाई बी चामडंच शे. लाव."

ओट्यावरची माणसं फिदीफिदी हसली. माझ्या पट्ट्याचा विटाळ, आणि त्यांचा बूट चालतो! कळत होतं सगळं. तरी गुडघे टेकले. घरात म्हातारा बाप, दोन पोरी, आणि गाव नानांच्या शब्दाबाहेर नाही. बुटावरून वस्तरा ओढला. माझी मलाच किळस आली.

एक गाल झाला. बुटावरच्या धुळीनं होती ती धारही गेली होती. नाना खेकसले, "केसं ओढाई राह्यनात! धार लाव." पाय पुन्हा पुढे.

मी वस्तरा पुसला. मिटला.

"नही लावसू."

"काय म्हनना तू?"

"नही लावसू, नाना."

पेटी उचलली आणि निघालो. मागे आईबापावरून शिव्या. दुसऱ्या गालावर साबण तसाच वाळत होता.

घरी बाप म्हणाला, "जाय, पाय धर त्यासना. गाव तोडी टाकी आपलाले."

बापाचा राग नाही आला. ज्यांनी त्याला जन्मभर असं भ्यायला शिकवलं, त्यांचा आला. आजही येतो.

गावानं तोडलंच. एक गिऱ्हाईक उरलं नाही. मी शिरपूरला दुकान टाकलं. पहिले महिने फार वाईट गेले, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस नानांचा गडी दारात उभा.

"मालक म्हनतस, बठ्ठं माफ शे. ये."

सगळं माफ? गुडघ्यावर कोण बसलं होतं? हसलं कोण होतं?

गड्याला म्हटलं, "सांग त्यासले. माफी मागानी त्यासनी शे. आनि मी देवाव नही."

आजवर दिलेली नाही. मरेपर्यंत देणार नाही.