दिवा हिरवाच आहे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि चांगला चालता लॅपटॉप स्वतःच्या हाताने बंद पाडणारीही मीच पहिली.

शाहूपुरीतल्या एका गल्लीत माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. खाली गॅरेज, वर आमच्या दोन खोल्या. मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. (गल्लीच्या हिशेबाने मी कधीच इंजिनिअर झाले होते. कुणाचा मिक्सर बिघडला तरी मला बोलावणं यायचं. मी जायचे, गंभीर चेहऱ्याने मिक्सरकडे बघायचे आणि परत यायचे.)

घरी वायफाय घ्यायला आबा आधी तयार नव्हते.

"मोबाइलात नेट हाय की! आनी वेगळं कशाला?"

मी म्हटलं, "आबा, तुमचं पानं तसं माझं ते हत्यार हाय. हत्याराशिवाय काम कसं करायचं?"

हे त्यांना पटलं. फारच पटलं. किती पटलं ते पुढे कळलं. राउटर आला आणि गॅरेजच्या भिंतीवरच्या फळीवर बसला. वर खोलीतही नेट छान यायचं.

मग पुण्याच्या एका कंपनीने मला इंटर्नशिपच्या ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. मुलाखत चुकली तर पुन्हा संधी नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आमच्या वर्गात बोलावणं आलेली मी एकटीच. ब्रेक दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक माणसाला आबा ब्रेकबरोबर ही बातमीही देत होते. मुलाखतीच्या दिवशी खंडेनवमी होती, पण पुण्याच्या साहेबांना त्याचं काय!

सकाळीच मी जाहीर केलं, "मुलाखत होईपर्यंत मला कुणी हाक मारू नका. आरतीलासुद्धा नको." आमच्या घरी शिक्षणाचा मान मोठा. कुणीही हाक मारली नाही. खाली आरती झाली तीसुद्धा हळू आवाजात.

इस्त्रीचा ड्रेस घालून मी लॅपटॉप उघडला. नेट नव्हतं. नुसतं नेट नव्हतं असं नाही, आमच्या वायफायचं नावच यादीत दिसत नव्हतं!

मी घाबरले नाही. शिकलेलं माणूस अशा वेळी पद्धतशीर वागतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंग बदललं. मग बदललेलं सेटिंग पुन्हा बदललं. मग आधी काय होतं तेच आठवेना. शेवटी खिडकीच्या गजाला मोबाइल टेकवला (आमच्याकडे रेंज फक्त तिथेच येते, तीही बोलण्यापुरती) आणि वायफायवाल्यांना फोन लावला.

फोनवरच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, "मॅडम, राउटरवरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

राउटर खाली, मी वर. पण तो दिवा कायम हिरवाच असतो. मी ठामपणे म्हटलं, "हिरवा."

"नक्की बघितलात ना?"

"मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे," मी म्हटलं.

बाईंनी तेही नोंदवून घेतलं. त्या म्हणाल्या, "मग दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये असावा."

माझाही तोच संशय होता. मी लॅपटॉपमधला वायफायचा ड्रायव्हर काढून टाकला. ड्रायव्हर म्हणजे ज्याच्यामुळे लॅपटॉपला वायफाय दिसतं तो प्रोग्रॅम. काढून नवा टाकला की सगळं सुरळीत होतं, असं आम्हाला शिकवलं होतं. नवा मिळतो इंटरनेटवर, हे मला तो काढल्यानंतर आठवलं.

आता लॅपटॉपला जगातलं कुठलंच वायफाय दिसत नव्हतं. मी खिडकीत उभी राहून रडकुंडीला आले. समोरच्या खिडकीत रशीदचाचा होते. त्यांचं टेलरिंगचं दुकान आमच्या समोरच. त्यांनी मान वर केली.

"काय गं इंजिनिअर, तोंड का पाडलंयस?"

"चाचा, नेट गेलं. आत्ता मुलाखत हाय माझी!"

"मग माझं घे की!" असं म्हणून त्यांनी आपला पासवर्ड भर गल्लीत ओरडून सांगितला. (त्या दिवसापासून अख्खी गल्ली चाचांचं वायफाय वापरते.)

"लॅपटॉपला दिसतच न्हाय वो कुणाचं! आणि मोबाइलला तुमचं हितं वरपर्यंत पोचंना."

चाचा विचारात पडले. "पण तुमच्या डब्याला काय झालं? सकाळी प्रसादाला गेलतो तवा चांगला बसलावता की पूजंत. झेंडूचा हार घालून!"

मी जिना उतरले की पडले, आठवत नाही.

खाली सतरंजीवर पाने, पकडी, हातोडे, हवेचा पंप असे सगळे धुऊनपुसून ओळीत मांडले होते. मधोमध, मानाच्या जागी, माझा राउटर. हळदकुंकू, अक्षता, हार. दिवा हिरवा नव्हता. दिवाच नव्हता. पिन काढून ठेवली होती.

"आबा! ह्याला कशाला बसवलं?"

आबांना माझा प्रश्नच कळेना. "तूच म्हणालतीस न्हवं, माझं हत्यार हाय म्हणून? आज हत्याराला सुट्टी. एकदा पुजलं की उद्यापतोर हात लावायचा न्हाय."

"आबा, मुलाखत!"

आबांचा चेहरा पडला. एकीकडे लेकीची मुलाखत, एकीकडे आजवर न मोडलेला नियम. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा हातोड्याकडे बघत राहिले. मला त्यांना "मोडा नियम" म्हणवेना.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली. "घटाम्होरची समई नऊ दिस तेवत ठेवतोय न्हवं? ती काय काम करत्या म्हणून विझवतो व्हय? ह्यालाबी दिवं हायत. लावा की!"

आबांनी त्यावर विचार केला. मग राउटरला नमस्कार केला आणि त्याला बोटही न लावता फक्त भिंतीत पिन लावली. दिवे लागले. आईने त्या दिव्यांनाही हात जोडले.

लॅपटॉप निकामीच होता, वर पळायलाही वेळ नव्हता. मी पूजेकडे पाठ करून जुन्या टायरवर बसले. मोबाइल आईने समोर धरला. ती साहेबांसमोर सारखी डोक्यावरचा पदर सावरत होती, त्यामुळे साहेबांना कधी मी दिसत होते, कधी पाने, कधी पत्रा.

साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्यामागे हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बाजूने म्हणाले, "खंडेनवमी हाय साहेब! तुमचा कॉम्प्युटर पुजला का न्हाय?"

साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरकडे बघितलं. "राहिला," ते म्हणाले.

"मग वापरा बिनधास्त. पुजल्यावर मातूर शिवायचं न्हाय."

यानंतर साहेब बराच वेळ पाणी प्यायले. मग त्यांनी मला विचारलं, "समजा, घरातलं वायफाय अचानक बंद पडलं. सगळ्यात आधी काय तपासाल?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण मोबाइलच्या वरून आई माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून म्हटलं, "सर, राउटर जागेवर आहे का, ते."

"हे उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं," साहेब म्हणाले.

त्यांनी मला घेतलं. आबांनी गल्लीत पेढे वाटले आणि श्रेय राउटरला दिलं.

यंदाच्या खंडेनवमीला आबांनी राउटर पुन्हा मध्ये बसवला, पण दिवे लावूनच. मी मदतीला म्हणून शेजारी उभी होते. आईने ओळीवरून नजर फिरवली आणि आबांना म्हणाली, "हिलाबी बसवा की ओळीत. दिसभर काहीबी काम करायचं न्हाय, ह्यो नियम सगळ्यात चांगला हीच पाळंल."

मी निमूटपणे हातोड्याशेजारी जाऊन बसले.